आमचा कुठे जात नाही!

मार्च २०२४ मध्ये बंगळुरूहून म्हैसूरला निघालेल्या सरकारी बसमध्ये एक आजी, त्यांची नात आणि पिंजऱ्यातले चार लव्हबर्ड्स चढले. कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेमुळे बायकांना बस फुकट, तेव्हा आजी-नातीचं तिकीट शून्य रुपये. कंडक्टरची नजर मग पिंजऱ्याकडे गेली. त्याने पक्ष्यांना लहान मुलांच्या हिशोबात धरलं आणि चोचीमागे १११ प्रमाणे ४४४ रुपयांचं तिकीट फाडलं. त्या तिकिटाचा फोटो देशभर फिरला, लोक पोट धरून हसले. पण पोपट पाळणाऱ्या भल्याभल्यांना जे सुचत नाही ते त्या कंडक्टरला सुचलं होतं. त्याने पोपटांना प्रवासी मानलं. प्रवासी म्हटला की त्याला जागा द्यावी लागते, ऊन-वारा बघावा लागतो, आणि उतरताना माणसं मोजतात तसं त्यालाही मोजून घ्यावं लागतं.

आपल्याकडे पोपट गाडीत बसतो तो बहुधा हौस म्हणून. आणि हौसेचं ब्रीदवाक्य ठरलेलं आहे: “आमचा कुठे जात नाही हो!” हे वाक्य पुणे, नाशिक, कोल्हापूर, डोंबिवली, सगळीकडे एकाच सुरात ऐकू येतं. म्हणणाऱ्याच्या खांद्यावर तेव्हा पोपट असतो, शर्टाच्या पाठीवर त्याची पोच असते आणि चेहऱ्यावर शिवाजी पार्कात शतक ठोकून आल्याचा भाव असतो. पोपट हरवल्याची जेवढी म्हणून पत्रकं विजेच्या खांबांवर लागतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांनी हे वाक्य आदल्या दिवसापर्यंत म्हटलेलं असतं.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. गॅलरीत राघूचा पिंजरा टांगलेला असे आणि मे महिन्यात मंडळी गावाला निघाली की तो शेजारच्या काकूंकडे जाई, सोबत भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि चार मिरच्या. आता शेजारच्या काकू स्वतःच बालीला गेलेल्या असतात. शिवाय तो हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला आपला राघू पाळणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, हेही हळूहळू लोकांच्या कानावर गेलं आहे. सगळ्यांच्या नाही. अजूनही एखादं कुटुंब राघूचा पिंजरा मागच्या सीटवर ठेवून, खिडक्या उघड्या टाकून, टोलनाक्यावर कौतुकाने थांबतं. गुन्ह्याचा पुरावा हवा खायला बाहेर काढण्याच्या या प्रकाराने वन खात्यालाही अवघडल्यासारखं होत असणार.

राघूच्या जागी आता परदेशी पाहुणे आले आहेत. करड्या रंगाचा, लाल शेपटीचा आफ्रिकन ग्रे, शेंदरी-पिवळा सन कॉन्यूर, तुरेवाला कॉकाटील, आणि खिसा गरम असेल तर निळा-पिवळा मकाव. कॉकाटील सोडला तर यांनाही कागदपत्रं लागतात. २०२४ साली केंद्र सरकारने नियम काढले आणि अशा विदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. त्यामुळे गाडीच्या कप्प्यात आरसी, पीयूसी, विमा आणि पोपटाच्या नोंदणीची प्रत असा चौरस संच ठेवणं बरं. हवालदार पहिल्या तिन्हींकडे बघतही नाही. चौथं मात्र दहा मिनिटं वाचतो, मग पोपटाला “बोल मिठ्ठू” म्हणतो.

दुचाकीबद्दल लिहावं की नाही, असा प्रश्न आहे. पण पुण्यात राहून दुचाकी वगळता येत नाही. अ‍ॅक्टिव्हावर मालक, मालकाच्या खांद्यावर पोपट, आणि सिग्नलला शेजारी थांबलेल्या सहा जणांचे मोबाइल वर. हेल्मेट दोघांनाही नाही. ताशी चाळीसच्या वेगाने समोरून येणाऱ्या वाऱ्यात साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅमचा कॉन्यूर केवळ नखांच्या जोरावर टिकून असतो आणि मालकाला वाटतं, त्याला मजा येते आहे. पंख थोडे उघडे, पिसं अंगाला चिकटलेली, डोळे ताणलेले. पक्ष्यांचे डॉक्टर यालाच घाबरणं म्हणतात.

मोटारीचं तसं बरं असतं, कारण काचा बंद करता येतात. पण काचा बंद झाल्या की माणसांना उदारपणा सुचतो आणि ते पिंजरा उघडतात. “बसू दे की जरा मोकळा!” मोकळा पोपट सुरुवातीला डॅशबोर्डवर बसतो. तिथला गणपती त्याला हलवून बघायचा असतो. मग तो स्टिअरिंगवर येतो, चालकाच्या कानातली बाळी किंवा चष्म्याची दांडी तपासतो आणि शेवटी, कोणाचं लक्ष नसताना, खाली उतरतो. खाली ब्रेक, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर असतात. पोपटाला खाली अंधाऱ्या कोपऱ्यात शिरायला आवडतं आणि चालकाला ब्रेक दाबायला पायाखाली रिकामी जागा लागते. ही दोन माणसं, म्हणजे एक माणूस आणि एक पोपट, एकाच वेळी आपापल्या जागी योग्य असतात आणि त्यातून घोळ होतो.

पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसणं ही यातली सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत वाईट तऱ्हा. समोरची एअरबॅग माणसाच्या छातीच्या मापाने बेतलेली असते. ती उघडलीच, तर मांडीतल्या पाचशे ग्रॅमच्या जिवाचं काही खरं नाही. म्हणून जाणकारांचा सल्ला अगदी नीरस आहे: छोटा, भक्कम प्रवासी पिंजरा किंवा कॅरियर घ्या, मागच्या सीटवर ठेवा, सीटबेल्ट त्याच्या भोवतीने किंवा कडीतून ओवून घट्ट लावा. इतकंच. यात फोटो चांगला येत नाही, ही त्यातली खरी अडचण.

पिंजऱ्याच्या आतलं सामान हा वेगळा विषय आहे. घरच्यासारखं वाटावं म्हणून मंडळी त्यात झोपाळा, आरसा, घुंगरू, लाकडी ठोकळ्यांची माळ आणि पाण्याची स्टीलची वाटी असा अख्खा संसार ठेवतात. गाडी खंबाटकी घाटात शिरेपर्यंत सगळं गोड असतं. पहिल्या वळणाला वाटी उपडी होते. दुसऱ्या वळणाला झोपाळा पोपटाच्या डोक्यात बसतो, तिसऱ्याला घुंगरू आणि पोपट दोघेही ओरडतात आणि पुढच्या सीटवरून आवाज येतो, “अगं बघ, गातोय तो!” प्रवासात पिंजऱ्यात लोंबणारं काहीही नको. बसायची दांडी खाली, जमिनीच्या जवळ आणि खरखरीत हवी, म्हणजे पकड सुटली तरी पडायला उंची नसते. तळाशी कागद किंवा टॉवेल घालावा. पाण्याऐवजी काकडीचे, सफरचंदाचे काप ठेवावेत. पाणी पोटात जातं आणि सीट कोरडी राहते. पाण्याची वाटी थांब्यावर द्यायची.

घाटात पोपटाला मळमळतं. हे सांगितलं की लोक हसतात. आकाशात उडणाऱ्याला गाडी कशी लागेल? लागते. उडताना वळण त्याचं स्वतःचं असतं, गाडीत ते दुसऱ्याच्या हातात असतं. डोकं झटकून दाणे बाहेर टाकणारा पोपट खोडकर नसतो, त्याला ओकारी झालेली असते. निघण्याआधी भरपेट खायला घालू नये आणि पिंजऱ्याच्या दोन-तीन बाजू पातळ कापडाने झाकाव्यात, म्हणजे झाडं, ट्रक आणि होर्डिंगवरचे नेते अंगावर धावून येत नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण, माडप असे बोगदे आले की कॉकाटीलची खास पंचाईत होते. हा पक्षी अचानक अंधार झाला की बिथरतो. रात्री घरातसुद्धा दचकून पिंजऱ्यात आपटतो. बोगद्याच्या आधी गाडीतला छोटा दिवा लावून ठेवणं एवढंच करायचं असतं. दिवा लावायची आठवण नेमकी बोगदा संपताना होते, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे.

आता वासांकडे. मराठी माणसाची गाडी ही चालतं-फिरतं देवघर असते. डॅशबोर्डवर गणपती, त्याच्यापुढे उदबत्ती, आरशाला कापराची पुडी, एसीच्या जाळीत सुगंधी जेल, आणि निघताना बाबांनी शर्टावर मारलेला फवारा. माणसाच्या फुप्फुसाला हे चालून जातं. पक्ष्याच्या शरीरात मात्र फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, हवा एकाच दिशेने वाहत जाते आणि श्वास घेताना व सोडताना, दोन्ही वेळी ताजी हवा फुप्फुसातून खेळते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू असाच मिळतो. पण हवेत जे काही विषारी असेल तेही त्याच तत्परतेने आत जातं. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत ते याचसाठी, आणि ती पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. तेव्हा पोपट गाडीत असेल त्या दिवशी गणपतीला फूल वाहावं. त्याची तक्रार नसते.

उन्हाचं गणित मात्र विनोदाने सांगण्यासारखं नाही. बाहेर ३५ अंश असताना बंद गाडीत अर्ध्या तासात पारा ५० च्या वर जातो. पोपटाला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकतो, पंख अंगापासून लांब धरतो आणि मग कोसळतो. “पाच मिनिटांत येतो” म्हणून गाडी लावून गेलेला माणूस फूड मॉलवर पाच मिनिटांत परत आला आहे, असं आजवर झालेलं नाही. तिथे कूपनाची रांग असते, मग वडापावची रांग असते, मग चिक्कीवाल्याकडे “थोडी चव बघू” असतं. खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. एक जण गाडीत एसी लावून बसेल किंवा पिंजरा सोबत येईल. तिसरा मार्ग नाही.

पिंजरा सोबत आला की खाणं सुरू होतं. पोपटाला मिरची तिखट लागत नाही, कारण तिखटपणा देणारं द्रव्य पक्ष्यांच्या जिभेला जाणवत नाही. त्यामुळे वडापावबरोबरची तळलेली मिरची तो आनंदाने कुरतडतो आणि भोवतालचे लोक टाळ्या वाजवतात. तिखटाने त्याला काही होत नाही. मीठ आणि तेल वाईट. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट तर थेट विष. पहिलं फूड मॉलवर सहसा नसतं, दुसरं प्रत्येक मुलाच्या हातात असतं, आणि “काका, देऊ का याला एक तुकडा?” असं विचारायची पद्धत आहे म्हणावं, तर उत्तर येईपर्यंत तुकडा दिलेला असतो.

आणि आता तो क्षण, ज्याच्यासाठी ही सगळी सावधगिरी. चिक्की घेऊन मंडळी परत येतात. कोणीतरी मागचं दार उघडतं. पोपट तेवढ्यात कोणाच्या तरी मनगटावर आलेला असतो, “जरा पाय मोकळे कर रे राजा” म्हणून. मागून ट्रकचा एअर हॉर्न वाजतो, किंवा वर एक घार तिरकी जाते. जवळून पाहिलं तर त्या सेकंदात पोपट बदलताना दिसतो. फुगलेली पिसं झटक्यात अंगाला चिकटतात, तो निम्म्याने बारीक होतो, मान लांब होते, आफ्रिकन ग्रेच्या फिकट पिवळ्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. पाय किंचित वाकतात. पाहणाऱ्याला हे कळेपर्यंत मनगट हलकं झालेलं असतं.

“पण पंख कापलेत त्याचे!” हे दुसरं ब्रीदवाक्य. पंखांची लांब पिसं कापली तरी पीसगळीनंतर ती पुन्हा येतात, आणि चार नवी पिसं आली की अंगात आलेल्या वाऱ्यावर पोपट सहज कंपाउंडची भिंत ओलांडतो. अर्धवट कापलेल्या पंखांनी त्याला झाडावर पोचता येतं, कावळ्यांपासून पळता येत नाही. पंख कापून मालकाची धास्ती तेवढी कापली जाते. त्यापेक्षा छातीवरून बसणारा हार्नेस बरा, तो अंगात घालून घ्यायला पोपट तयार झाला तर. पट्टा दिसल्यावर बोटाला कडकडून चावणं ही त्याची सुरुवातीची भूमिका असते. मग रोज पट्टा नुसता दाखवायचा, एक सूर्यफुलाची बी द्यायची, पट्टा बाजूला ठेवायचा. असं आठवड्यानुआठवडे चालतं. पायाला सुतळी बांधून नेणारे लोक अजून दिसतात. पोपट दचकून उडाला की सगळा झटका त्या काडीएवढ्या पायावर येतो आणि पाय मोडतो. हार्नेसची दोरीही आखूड हवी आणि ती माणसाच्या हातात हवी, प्लॅस्टिकच्या खुर्चीला नको. खुर्चीसकट उडणं पोपटाला जमत नाही, पण तो प्रयत्न करतो.

उडालेला पोपट परत का येत नाही, याचं मालकाला फार लागतं. “एवढं खायला घातलं!” वगैरे. खरं कारण साधं आहे. घरात वाढलेल्या पोपटाला सरळ उडता येतं, घाबरून वर जाता येतं, पण पाचव्या मजल्याच्या उंचीवरून खाली झेप घेऊन उतरायचा सराव त्याला कधी मिळालेलाच नसतो. तो नारळाच्या शेंड्यावर बसून हाका मारतो, मालक खालून हाका मारतो आणि दोघांनाही दुसराच हट्टी वाटतो. अशा वेळी दगड मारून उठवायचं नाही, जाळी घेऊन धावायचं नाही. त्याचा ओळखीचा पिंजरा शेजारच्या गच्चीवर, शक्यतो त्याच्याच उंचीला, उघडा ठेवायचा, जोडीदार असेल तर त्याला पिंजऱ्यात घालून जवळ ठेवायचं, आणि अंधार पडताना पोपट नेमका कुठे बसला आहे हे बघून ठेवायचं. पहाटे भूक लागलेली असते. तेव्हा तो ऐकतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये लंडनमध्ये जेसी नावाची मकाव एका घराच्या छपरावर तीन दिवस अडकून बसली होती. अग्निशमन दलाचा जवान शिडी लावून वर चढला. तिच्याशी मैत्री करायची तर ‘आय लव्ह यू’ म्हणायचं, असं मालकाने त्याला शिकवून पाठवलं होतं. त्याने म्हटलं. जेसीनेही ‘आय लव्ह यू’ म्हटलं आणि लगेच इंग्रजीतली एक अस्सल शिवी हासडली. तिला तुर्की आणि ग्रीकही येतं, असं कळल्यावर जवानांनी त्याही भाषांत विनवण्या केल्या. मग जेसी आपणहून उडाली आणि शेजारच्या छपरावर जाऊन बसली. तिला काही झालं नव्हतं.

आपल्याकडे कर्नाटकातल्या तुमकुरूमध्ये जुलै २०२२ मध्ये रुस्तुमा नावाचा आफ्रिकन ग्रे उडाला. घरच्यांनी गावभर पत्रकं लावली, शोधून देणाऱ्याला ५०,००० रुपये जाहीर केले आणि पोपट सापडल्यावर आनंदाच्या भरात ८५,००० दिले. जाहीर केलेल्यापेक्षा जास्त रक्कम देणारा माणूस मराठी वाचकाला काल्पनिक वाटण्याचा संभव आहे, पण ही बातमी खरी आहे. त्या पैशांत एक भक्कम कॅरियर, दोन हार्नेस आणि खिडक्यांना जाळ्या येऊन वर गोव्याची ट्रिप झाली असती.

पोपट सापडला तरी तो कोणाचा हे ठरवायचं कसं? पायातली रिंग किंवा कातडीखालची मायक्रोचिप हा खात्रीचा पुरावा. कॅलिफोर्नियात नायजेल नावाचा आफ्रिकन ग्रे चार वर्षं बेपत्ता होता. गेला तेव्हा तो ब्रिटिश ढंगाचं इंग्रजी बोलायचा, २०१४ मध्ये सापडला तेव्हा स्पॅनिश बोलत होता. भाषेवरून मालकाने त्याला ओळखणं कठीणच. चिपमुळे पत्ता लागला.

पोपटाने स्वतःच पत्ता सांगावा, ही मात्र सर्वांत सुंदर सोय. टोकियोजवळच्या नागारेयामा शहरात २००८ साली योसुके नावाचा आफ्रिकन ग्रे एका छपरावर सापडला. पोलिसांनी त्याला रात्रभर ठाण्यात ठेवलं, गोड बोलून पाहिलं; तो गप्प. मग त्याला पशुवैद्याकडे पाठवलं. तिथे काही दिवस गेल्यावर त्याने मालकाचं आडनाव, गल्ली आणि घरनंबर धडाधडा सांगितला, वर दवाखान्यातल्या लोकांना गाणीही म्हणून दाखवली. पोलिसांनी जाऊन पाहिलं, पत्ता बरोबर. घरच्यांनी त्याच्याकडून तो दोन वर्षं घोटून घेतला होता.

पोलिसांपुढे गप्प बसण्याची ही रीत आपल्या पोपटांनाही ठाऊक आहे. २०१५ साली चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला एका पोपटाविरुद्ध तक्रार झाली, की तो एका वृद्ध बाईंना येता-जाता शिव्या देतो. पोलिसांनी पोपटाला पिंजऱ्यासकट ठाण्यात हजर केलं, तक्रारदार बाई समोर उभ्या केल्या आणि सगळं ठाणं कान टवकारून बसलं. पोपटाने अवाक्षर काढलं नाही. शेवटी त्याची रवानगी वन खात्याकडे झाली.

म्हणजे पत्ता पाठ करून घ्यायचा तर पोपट तो योग्य माणसासमोर म्हणेल, याची हमी नाही. तरीही प्रयत्न करावा. आपल्याकडचे पोपट “कोण आहे?”, “आई, कुकर!” आणि मोबाइलची रिंग एवढ्यावर आयुष्य काढतात, त्याऐवजी दहा आकडी मोबाइल नंबर शिकवायला काय हरकत आहे? मालकाने मात्र मग तो नंबर जन्मभर सांभाळावा. कंपनी हवी तर दहादा पोर्ट करावी, आकडे बदलू नयेत. आफ्रिकन ग्रे पिंजऱ्यात चाळीस-पन्नास वर्षं सहज जगतो आणि एकदा पाठ झालेलं तो विसरत नाही.